दोन डाव्या बाह्या

शिवणकला संस्थेतून आलेलं पत्र लेकीनं मशीनवर ठेवलं, तेव्हा आई कुणाच्या तरी पॅन्टची कंबर उसवत बसली होती. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता एक नामवंत ड्रेस डिझायनर विद्यार्थ्यांशी बोलणार, आयुष्यानं आपल्याला काय शिकवलं ते सांगणार, आणि जाताना शेवटच्या वर्षातल्या दोघांना आपल्या कारखान्यासाठी निवडणार, असं त्यात लिहिलं होतं. पालकांनी अवश्य यावं. खाली फोटो होता. आईनं फोटो पाहिला आणि ब्लेड थेट अंगठ्यात घुसवलं.

"तीच ना?" लेकीनं विचारलं.

"तीच," आई म्हणाली आणि अंगठा तोंडात घातला.

ती म्हणजे टाचणी. बावीस वर्षांपूर्वी दोघी एका वर्कशॉपमध्ये समोरासमोरच्या टेबलांवर काम करायच्या. अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. बाकीच्या घरांत पोरींना राक्षसाच्या गोष्टी सांगून झोपवतात, या घरात टाचणीची सांगितली गेली. टाचणीनं महागड्या मखमलीच्या दोन डाव्या बाह्या कापल्या, खापर आईच्या डोक्यावर फोडलं, मालकानं आईला हाकललं आणि आईचं टेबल टाचणीनं बळकावलं. म्हणून टाचणीचे फोटो छापून येतात आणि आई लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत लोकांच्या कंबरा सैल करत बसते. लेकीला हे सगळं तोंडपाठ होतं.

आता खरं काय घडलं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण आई काही आपणहून सांगायची नाही, आणि तिची बाजू घेऊन पुढे वाचत गेलात तर फसाल.

एका गायिकेला रंगमंचावर घालायला लांब कोट हवा होता. गर्द हिरवी मखमल, दुकानदाराकडचा शेवटचा तुकडा. मखमल दुमडून कापत नाहीत, लव लवेवर आली की कापड खालच्या खाली सरकतं. म्हणून ती एकपदरी पसरायची, कागदाचा साचा ठेवून एक बाही आखायची आणि दुसरीसाठी साचा पालथा करायचा. पालथा करायला विसरलात तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. साधं कापड असेल तर बाही उलटी करून भागतं, पण मखमलीची उलटी बाजू दिसली तर तो कोट कसला, पोतेरंच. कापणाऱ्या माणसाला या चुकीइतकी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही.

त्या दिवशी आई जोरात होती. पुढच्या महिन्यात मुख्य कटरचं टेबल तिला मिळणार असं मालक बोलून गेले होते, आणि ती बातमी तिच्या तोंडात मावत नव्हती. बोलत बोलत साचा ठेवला, आखलं, सरकवला, पुन्हा आखलं, कात्री चालवली. दोन्ही बाह्या डाव्या. मालकांनी येऊन त्या हातात धरल्या आणि विचारलं, "कुणी कापल्या?"

"हिनं," आई म्हणाली आणि टाचणीकडे बोट दाखवलं. श्वास घ्यायलाही थांबली नाही.

टाचणी एवढंच म्हणाली, "मी नाही."

मालकांनी कडेची खडूची रेघ पाहिली. प्रत्येक कटरची रेघ वेगळी असते, आणि आईची तर त्यांनीच घडवलेली होती. "कापडाचं मी बघून घेतलं असतं," ते म्हणाले, "खोट्याचं काय करू?" दुपारच्या सुट्टीआधी आई रस्त्यावर होती.

घरी येताना तिनं दोन माणसांची अदलाबदल केली, बाकी गोष्ट होती तशीच ठेवली. आधी नवऱ्याला सांगितली, मग जावांना, मग पोटची पोर ऐकण्याइतकी झाल्यावर तिला. सांगून सांगून गोष्टीला अशी इस्त्री बसली की कुठे चुणी सापडू नये. कधी कधी आईला स्वतःलाच ती खरी वाटायची.

"मी उभं राहून विचारणार आहे तिला," लेक म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"काही गरज नाही. दोघांना कामाला घेणार आहे ती. तुझा हात चांगला आहे. गप्प बस आणि निवडून ये."

"तिच्याकडे कामाला जाऊ? त्यापेक्षा घरोघर पडदे शिवेन."

"मग शनिवारी घरी राहा."

"का? तू का घाबरतेस? घाबरायचं तिनं."

लेक रागानं बोलत होती आणि तो सगळा राग आईच्या बाजूचा होता, हेच आईला सोसवत नव्हतं. शनिवारपर्यंत तीन दिवस होते. पहिल्या दिवशी तिनं सांगायचं ठरवलं आणि भाजीत मीठ कमी आहे यावरून लेकीशी भांडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवलं आणि लॉन्ड्रीवाल्याशी भांडली. तिसऱ्या दिवशी ठरवणंच सोडलं. या पोरीच्या डोळ्यांत आपण अन्याय झालेली बाई आहोत, आणि तेवढंच आपल्याजवळ उरलंय, हे तिला नीट कळत होतं. ते गेलं की लॉन्ड्रीच्या मागची खोली ही नुसती लॉन्ड्रीच्या मागची खोली होणार होती. म्हणून ती शनिवारी ठेवणीतली साडी नेसून निघाली, ती लेकीला हाताला धरून खाली बसवायला.

सभागृहात खुर्च्या प्लास्टिकच्या आणि पंखे आवाजाचे होते. आईनं मागून दुसरी रांग धरली आणि लेकीचं मनगट धरलं. प्राचार्यांनी ओळख करून दिली, ती इतकी लांबली की पाहुणीनं दोनदा घड्याळ पाहिलं. टाचणी जाड झाली नव्हती, याचासुद्धा आईला राग आला.

टाचणी उठली आणि माइक बाजूला सारला.

"मला यशाच्या गोष्टी सांगायला बोलावलंय," ती म्हणाली. "यश कसं येतं ते मला माहीत नाही. मला टेबल कसं मिळालं तेवढं सांगते."

आईनं लेकीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"माझ्यासमोर एक जणी काम करायची. माझ्यापेक्षा हुशार. तिच्या हाताशी बरोबरी करणं मला जन्मात जमलं नसतं. एके दिवशी तिनं मखमल पसरली. पहिली बाही आखली. मग साचा पालथा न करता तसाच सरकवला." पुढच्या रांगेतल्या पोरी आधीच हसायला लागल्या, त्यांना पुढचं कळलं होतं. "हसू नका. मी बघत होते. तिनं खडू उचलला तेव्हा बघत होते. रेघ पुरी झाली तेव्हा बघत होते. मग तिनं कात्री घेतली. 'अगं, साचा' एवढे दोन शब्द पुरे होते. मी म्हटले नाहीत. इस्त्री करत राहिले. मला तिचं टेबल हवं होतं."

आईचा हात आपोआप सुटला. हे तिला माहीत नव्हतं. बावीस वर्षं जिला तिनं खोटं खोटं गुन्हेगार ठरवलं, ती खरंच गुन्हेगार होती, पण वेगळ्याच गुन्ह्याची. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठावं आणि त्या बाईच्या झिंज्या धराव्यात असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे खरी तक्रार होती, आणि ती करायची तर आधी कात्री आपल्या हातात होती हे म्हणावं लागणार होतं.

"मालकांनी विचारलं तेव्हा तिनं माझं नाव घेतलं," टाचणी पुढे म्हणाली. "त्याचा मला राग आला, अजून आहे. पण ती गेली आणि टेबल मला मिळालं. तुम्हाला यातून काय शिकायचं ते शिका. मी शिकले ते एवढंच, की ते टेबल मला कधी माझं वाटलं नाही." आणि ती बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन अर्धे उठले आणि तसेच पुन्हा बसले.

आईनं लेकीकडे पाहिलं. लेकीचा चेहरा लाल झाला होता. आता ती उठणार, हे आईला स्पष्ट दिसलं. एवढंच म्हणायचं होतं, उठू नकोस, कापल्या मीच. कानात म्हटलं तरी चाललं असतं. तोंड उघडलं होतं तिनं. मागच्या कुणी तरी खुर्ची सरकवली, आई पुन्हा पुढे पाहायला लागली, आणि तेवढ्यात लेक उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही खोटं बोलताय," लेक म्हणाली. आवाज मोठा होता. "त्या बाह्या तुम्ही कापल्या. आणि नाव दुसरीचं घेतलंत. आता इथे येऊन थोडंसं कबूल करताय, म्हणजे लोकांना वाटावं केवढ्या प्रामाणिक. जिची नोकरी घालवलीत ती माझी आई आहे. ही बघा, इथे बसलीये. विचारा तिला."

दीडशे माना वळल्या. टाचणीनं लेकीकडे पाहिलं, मग आईकडे. ओळख पटली तरी तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आणि ती बोलणार नाही हे आईला कळलं. लेक खड्ड्यात उतरत होती, आणि ती बाई पुन्हा एकदा नुसती बघत होती.

आई उठली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"कापल्या मी," ती म्हणाली. "नावही मीच घेतलं तिचं. पोरीला मी उलटं सांगितलं." मग तिचा तोल गेला. "पण तू बघत उभी होतीस. तोंडात काय होतं तुझ्या? जीभ होती ना? दोन शब्द होते. माझं आयुष्य कात्रीखाली गेलं आणि तू इस्त्री फिरवत होतीस."

"हो," टाचणी म्हणाली. "आणि तू एकही शब्द बोलली नसतीस, माझं नाव घेतलं नसतंस, तर मी बघत होते हे कदाचित त्याच संध्याकाळी मालकांना सांगितलं असतं. तू ती संधी दिली नाहीस. माफी मागायला आले नाही मी, आणि तुझी नकोय मला."

"कोण मागतंय तुझी?"

"मग झालं तर."

प्राचार्यांनी चहाची घोषणा केली. चहा अजून आला नव्हता, तरी केली.

लेक केव्हाच खाली बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती आईसोबत आली नाही. आई फाटकापाशी अर्धा तास उभी राहिली, पोरं तिच्याकडे पाहून कुजबुजत गेली, तिनं एकेकाकडे असं पाहिलं की त्यांनी चाल वाढवली. शेवटी ती एकटीच घरी आली.

लेक दुपारी आली. मोजपट्टी, खडू, तिची स्वतःची कात्री, सगळं एका पिशवीत भरायला लागली.

"कुठे?" आईनं विचारलं.

"सोमवारपासून कामावर जायचंय. त्यांनी निवडलं मला. म्हणाल्या, तोंडावर विचारणारी एक तरी पोरगी टेबलाशी हवी. तुझ्यावर दया म्हणून नाही, हेही म्हणाल्या."

"तिच्याकडे जाणार तू?" आईचा आवाज चढला. "आईला बुडताना बघत उभी राहिली ती. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

"हो. तिच्या वाईटाबद्दल तिनंच सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं."

"आणि मी? मी उठले नाही? दीडशे माणसांसमोर उठले मी. सोपं होतं ते?"

लेकीनं पिशवीचा बंद ओढला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

"उठलीस ना," ती म्हणाली. "माझं बोलून झाल्यावर."