मास्तरांचं बोट आणि माझी साल

मी मुटुबाचं झाड बोलतोय. उंबराच्या कुळातला, युगांडातल्या बुगांडा भागात एका केळीच्या बागेत उभा. वय विचारू नका. शेजारच्या शाळेतली पोरं माझ्या सावलीत बसतात, म्हणून माझंही शिक्षण चालू आहे. फक्त घंटा झाली की पोरं पळतात आणि धडा अर्धा राहतो. त्यामुळे माझं ज्ञानही अर्धंच.

सालीचं कापड करणाऱ्या लुतायानं एक फांदी तोडली, जमिनीत खोचली आणि "जगायचं तर जग" म्हणून निघून गेला. एवढाच माझा जन्म. काही वर्षांनी येऊन त्यानं माझी साल काढली, बुंध्याभोवती पूर्ण. ती मोगरीनं बडवून तो वल्कल करायचा. लग्नात ते हवं, वारस नेमताना त्याच्या खांद्यावर हवं, आणि शेवटी मढ्याभोवतीही तेच.

त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. साल सोडवायला लोखंड नाही, केळीच्या सोपटाची पाचर. मी उघडा पडलो की लगेच केळीची पानं गुंडाळणार. ती केळ माझी शेजारीण. तिला लाकूड म्हणून नाही, नुसत्या नळ्या आणि पाणी. एकदा घड दिला की आडवी! तरी मला नेसवायला तीच. पायाशी शेवाळ आहे, त्याला नळ्याच नाहीत. सगळ्या अंगानं पितं आणि बोटभर उंचीत खूश. शहाणं आहे.

एका वर्षी म्हाताऱ्या लुतायानं मला एकविसाव्यांदा सोललं. खोकत खोकत बायकोला म्हणाला, "नांतेझा, हे वल्कल लग्नघरी द्यायचंय. पुढच्या वर्षीचं माझं."

"मेल्यावर काय पांघरायचं याची एवढी घाई? आधी जेवा. केळ्यांचं मटोके गार होतंय."

तिसऱ्या दिवशी कालुंगी मास्तर वर्ग घेऊन आले. शहरातून नवेच आलेले. "पोरांनो, मुळांतलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं. साल गोल सोलली की मुळं उपाशी. हे झाड मेलंच समजा!" आणि दाखवायला म्हणून त्यांनी भर उन्हात माझ्याभोवतीची केळीची पानं सोडली, ओल्या अंगात अंगठा खुपसला.

पाण्याच्या आणि अन्नाच्या रस्त्यांचं त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं हो. पण त्या बुळबुळीत ओल्या थरातच माझी नवी साल विणली जात होती, ते बहुतेक पुढच्या पानावर असणार. मास्तर शिकत होते तेव्हाही घंटा झाली असेल!

काठी टेकत लुताया आला. "मास्तर, कुणाचं नेसूचं फेडताय भर उन्हात?"

"आजोबा, हे झाड मरणारच आहे. पुस्तकात..."

"वीस वेळा मेलंय ते! आज तुमच्यामुळे खरंच मेलं, तर मला गोणपाटात पुरतील. पळा, पानं आणा!"

मास्तर पळाले. पानं आणली ती फाटकी. नांतेझा म्हणाली, "पानं कापलीत की पानांची दाढी केलीत?" पोरं अशी हसली की माझीही दोन पानं गळली.

पुढे मात्र हसू आटलं. पाणी वर जात होतं, पण खाली मुळं साठवणीतलं शेवटचं खात होती. शेंड्याची पानं माना टाकू लागली. लुताया रोज येऊन बुंध्याला गाल लावायचा. मास्तर रोज शाळेआधी ताजी पानं आणून गुंडाळायचे, आता अगदी बाळाला दुपट्यात घ्यावं तसं. एका सकाळी लुतायानं पान जरासं उचललं आणि नुसता "अरे!" म्हणाला. खाली कोवळी, हिरवट साल धरली होती. फक्त अंगठ्याएवढी जागा कोरडी राहिली, ती कायमची.

वर्ष सरलं. लुतायाला उभं राहवेना. तो स्टुलावर बसून काठीनं खुणा करायचा आणि सोललं मास्तरांनी. बडवलंही त्यांनीच. तांबूस, मऊ वल्कल झालं, मधे त्या अंगठ्याएवढं एक भोक.

मास्तर खाली बघत म्हणाले, "ठिगळ लावू का?"

"राहू दे," लुताया म्हणाला. "वारा येईल."

दोन महिन्यांनी त्याला त्याच वल्कलात गुंडाळलं. नांतेझानं ते भोक नेमकं त्याच्या डोळ्यावर आणलं. रडता रडता म्हणाली, "बघू देत त्यांना, मास्तर पुढच्या वर्षी नीट सोलतात का ते."

मास्तर नीट सोलतात. हात अजून लुतायाचा नाही, पण पाचर सोपटाचीच. तुम्ही कधी या बाजूला आलात, तर माझ्या अंगावरची ती अंगठ्याची खूण जरूर बघा, हातही लावा. पण पानं गुंडाळलेली असतील तर लांबूनच रामराम करा. म्हातारा असलो तरी लाज मलाही आहे.