ओल्या मातीचे बटाटे

दहा जांभळे बटाटे नेल्दाने धक्क्यावरच्या दुकानातून आणले होते. दुकानदाराने धुऊन अगदी चकचकीत केलेले. ते तिने परसातल्या वाफ्यात लोळवले, चांगला चिखल फासला आणि टोपलीत रचले. "आईचे बटाटे," ती मोठ्याने म्हणाली, स्वतःला तरी पटतंय का बघायला.

आईने मागे ठेवलेले खरे बटाटे गेले होते. हिवाळ्यात नेल्दा आपल्या मुलीकडे दोन महिने राहून आली. जाताना कोठाराचा गळका पत्रा बदलायचा आळस केला आणि येऊन बघते तर बियाण्याचा नुसता लगदा. चिलीच्या चिलोए बेटावर बटाट्याचं बियाणं आईकडून मुलीकडे येतं; तिथे आईचं बियाणं कुजवणं ही काही लहान गोष्ट नव्हे. त्यातून नेल्दा, निसर्गाच्या कलाने शेती करणाऱ्या गावच्या पर्माकल्चर गटात बियाणं कसं राखावं यावर दर वर्षी सगळ्यांचे कान किटवणारी! रिकामी टोपली घेऊन ती कुठल्या तोंडाने जाणार होती?

दर वसंतात गट बियाणांची देवाणघेवाण करायला जमायचा, आणि त्याची एक रीत होती. रोप असो, बी असो की बटाटा, देताना तो हातात धरून सर्वांसमोर सांगायचं, कुणाच्या हातून आला ते.

"आईच्या हातून माझ्याकडे," नेल्दा म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि पुढे तिला त्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

एदुविना, गटातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, काठी टेकत पुढे आली. एक बटाटा तिने अंगठ्याने चोळून पाहिला. "दहाच्या दहा मला दे."

"अहो, आम्हाला एक तरी ठेवा!" गट चालवणारा आबेलार्दो ओरडला.

"तू मागचे तळून खाल्लेस. गप बस."

सगळे हसले. नेल्दाही हसली.

पुढचं वर्ष तिने तोंड लपवत काढलं. एदुविनाची काठी दिसली की ही रस्ता ओलांडायची, चर्चमध्ये खांबाआड बसायची. म्हातारीच्या शेतात आईच्या नावाने काय उगवलं असेल, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

वसंतात गट पुन्हा जमला. नेल्दा कोथिंबिरीची चार रोपं घेऊन आली होती. एदुविनाला तिने दारातच गाठलं.

"दोन्या, ते बटाटे..."

"डुकराला शिजवून घातले."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"शरदात काढलेल्या बटाट्याला वसंतात ओली माती कुठून आली गं? मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

"मग घेतलेत कशाला?"

"मी घेतले नसते तर या सगळ्यांनी लावले असते. बाजारचा रोग घरोघरी गेला असता, तोही तुझ्या आईच्या नावाने."

नेल्दाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एदुविनाने आपल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आत छोटे जांभळे बटाटे होते, कोंब फुटलेले, वाळल्या मातीचे. "तुझ्या आईने मला दिलेले. दर वर्षी एक सरी लावते. आता तू घे. आणि सांगायचं तेही तूच सांग, माझा घसा बसलाय."

म्हातारीचा घसा ठणठणीत होता. नेल्दा टोपली घेऊन सर्वांसमोर उभी राहिली.

"आईच्या हातून दोन्या एदुविनाकडे. तिथून माझ्याकडे."

"पण गेल्या वर्षी तर तूच आणले होतेस की!" आबेलार्दो म्हणाला.

ती एदुविनाकडे पाहत राहिली. म्हातारी फडक्याची घडी घालत होती.

"माझे कुजले होते," नेल्दा म्हणाली. "मी बाजारचे आणले. त्यांना चिखल फासला."

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंसुद्धा नाही, तेवढं तरी व्हायला हवं होतं. मान वर न करता तिने टोपली पुढे धरली. एकेक जण आला आणि एकेक बटाटा उचलला. आणि प्रत्येकाने तो खिशात टाकण्याआधी अंगठ्याने चोळून पाहिला.