सिंधूच्या पेशी

बायकोला भेटायला जायचं म्हणून मारोतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या, पण त्यांना कोण समजावणार?

सिंधुताई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. जाण्याआधी त्यांनी आपण होऊन रक्ताचा नमुना संशोधनाला दिला होता. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत अजून जिवंत आहेत, हे तिथेच काम करणारी लेक गुंजन जेवताना बोलून गेली आणि फसली. कोहका वस्तीतल्या घरात सिंधूची पातळं होती, चष्मा होता. जिवंत असं काहीच नव्हतं. पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीसमोर जन्म काढलेला माणूस पोरासारखा मागे लागला, "मले एकडाव दाखव."

प्रयोगशाळेत गुंजनने पेशींवर एक थेंब सोडला.

"हे अ‍ॅप्टामर, बाबा. डीएनएचा इत्तासा तुकडा. घडी पडून त्याचा असा आकार होते, का एकाच प्रोटीनले जाऊन चिपकते, बाकी कोणाले नाही. त्याले रंग जोडला आहे. चिपकला, की प्रोटीन चमकते."

"माह्यासारखंच हाय म्हना थे," मारोतराव म्हणाले. "एकालेच धरून बसनारं."

गुंजन हसली नाही. न चिकटलेला रंग तिने धुऊन टाकला आणि सूक्ष्मदर्शकासमोर तशीच उभी राहिली.

"बाबा, ह्या आईच्या अच्छ्या पेशी नाहीत. बिमारीच्या आहेत. हे प्रोटीन त्यांच्यावरच जास्त असते. जे चमकून राहिलं ना, त्यानंच आईले नेलं."

मारोतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या रोगाला उठता-बसता शिव्या घातल्या, त्याच्या दर्शनाला आपण नटूनथटून आलो? ते तडक दाराकडे निघाले. दाराच्या कडीला हात घातला आणि तिथूनच मागे वळले.

"पन वाढल्या त तिच्याच रक्तात ना?"

"हो, बाबा."

"मंग सरक."

त्यांनी डोळा लावला. अंधारात हिरव्या कडांचे गोल गोल ठिपके, एकमेकांना खेटून बसलेले. शिवी ओठांवर आली होती; बाहेर पडलं ते "सिंधू". डोळे भरल्यावर ठिपके दिसेनासे झाले, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"याइले खायले काय देतं वं?"

"औषधासारखं पानी असते, बाबा. एक दिवस सोडून बदलतो."

"टायमावर देत जाय, माय," मारोतराव म्हणाले. "उपाशी नोको ठेवू."