चंदेरी रंगाखालचा बाण

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्वर आहे. घाबरू नका, माझ्या पोटात गोळी नाही. आता आहेत ती फक्त स्वप्नं, कारण माझं बरंचसं आयुष्य झोपेतच गेलं.

माझा जन्म फार दूरचा, विलायतेतल्या बर्मिंगहॅम नावाच्या धुरकट गावातला. तिथे माझ्या अंगावर आकडा ठोकला. कारखान्यात आकडे ओळीने पडतात, म्हणून आकड्यावरून जाणत्याला माझं साल कळतं. मग बंदुकीची दारू जास्तीची भरून माझी परीक्षा घेतली. मी फुटलो नाही, म्हणून नळीवर मुकुटाचा छोटा ठसा मिळाला. शेवटी बसला तीन रेघांचा बाण, कोंबडीच्या पावलासारखा. बाण म्हणजे सरकारी माल. मला वाटलं, झालं, आता जन्मभर चाकरी.

पण दुसरं महायुद्ध संपलं आणि सरकारने जुना माल विकायला काढला. तेव्हा विकल्याची खूण म्हणून पहिल्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकला गेला. मुंबईच्या लष्करी गोदामात सुतारकाम करणाऱ्या जेम्सने मला रीतसर विकत घेतलं, परवाना काढला आणि वसईच्या आपल्या केळीच्या वाडीत आणलं. केळीचे घड चोरणाऱ्यांना धाक हवा होता. माझ्या गोळीने उभ्या जन्मात एक नारळ तेवढा पडला, तोही शेजाऱ्याचा.

एकदा जेम्स वाडीत पाणी लावत होता आणि मी ओट्यावर ऊन खात होतो. शेजारचा कृष्णा आला. पूर्वी कुठल्याशा सरकारी गोदामावर तो पहारेकरी होता. मला न्याहाळून तो जेम्सच्या बायकोला, मटिल्डाला, हळूच म्हणाला, "वहिनी, हा सरकारी बाण. असला माल घरात येतो तो एकाच वाटेने. झाकून ठेवा."

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस तो. त्याला एकाच बाणाचा अर्थ ठाऊक होता. मी ओरडून सांगणार होतो, पण माझ्या तोंडून एकच शब्द निघतो आणि तो अशा वेळी कामाचा नाही.

आमच्या गावात मे महिन्यात क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना होते. त्याआधी क्रुसाच्या कठड्याला चंदेरी रंग देतात. उरलेला रंग वाया कसा घालवायचा? मग घराघरांतले गज, विहिरीचा रहाट, फाटक, सगळं चमकू लागतं. त्या वर्षी मटिल्डाने तोच ब्रश माझ्यावर फिरवला. पुढे दरवर्षी एक हात. आकडा, मुकुट, बाण, सगळं बुजलं. बिचारा जेम्स मात्र पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "माझी बाई याला गंजू देत नाय." मटिल्डा तेव्हा खाली बघायची.

जेम्स गेला. परवाना मुलाच्या, सिप्रियनच्या नावावर झाला. मी पेटीत, नव्या चादरींच्या घड्यांत पडून राहिलो. मला सारखं स्वप्न पडे की मी रिव्हॉल्वर नसून क्रुसाच्या कठड्याचाच एक गज आहे आणि माझ्यापाशी मेणबत्त्या जळताहेत.

एकोणीसशे नव्याण्णव साली निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आधीचे साहेब ओळखीवर जमा करून घेत. नवे साहेब मला बघून आधी हसले आणि मग गंभीर झाले.

"नंबर कुठाय? नंबर बुजवलेलं हत्यार म्हणजे काय, माहीत आहे ना? उद्या नंबर दाखवा, नाहीतर गुन्हा नोंदवावा लागेल."

सिप्रियनने घरी येऊन थिनर आणि चिंधी घेतली. मटिल्डाने त्याचा हात धरला.

"रंग काढू नको, बाबा."

"आय, मला आत टाकतील."

"तुज्या बापाचं नाव जाईल." आणि तिने इतक्या वर्षांचं सगळं सांगून टाकलं. तो बाण, तो कृष्णा, ती चोरी.

सिप्रियन ओट्यावर मला मांडीवर घेऊन बसला. पुसावं तर बाप चोर ठरतो, न पुसावं तर आपण गुन्हेगार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तो म्हणाला, "आय, खरं असंल ते असू दे," आणि पुसू लागला. माझ्या अंगावरचे सगळे मे महिने एकेक करून उतरले. किती हलकं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मटिल्डा लाल लुगडं नेसून त्याच्याबरोबर ठाण्यात आली. "साहेब, रंग मी लावला," ती म्हणाली. "धरायचं तर मला धरा."

साहेबांनी भिंग लावलं. "आकडा परवान्याशी जुळतो. पहिल्या महायुद्धातला दिसतो हा. आणि आजी, धरायचं कशासाठी? हे दोन बाण बघा, टोकाला टोक. म्हणजे सरकारने स्वतः विकला. तुमच्या मालकांनी सरळ मार्गाने घेतलाय."

सिप्रियन हसत पावती घ्यायला पुढे झाला. मटिल्डा मात्र बाकावर बसली आणि कितीतरी वेळ त्या दोन बाणांवरून बोट फिरवत राहिली.

"मी त्यांना कदी इचारलंच नाय," ती म्हणाली.

मला ठाण्यातल्या कपाटात ठेवत होते तेव्हा खिडकीतून दिसलं, सिप्रियन घराच्या वाटेला लागला, पण ती सिमित्रीच्या वाटेला वळली, जिथे जेम्सला पुरलं आहे. तिथे ती काय बोलली, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, लोखंडाला गंज चढू लागला तर तेल लावा, रंग नको. आणि आपल्या माणसाविषयी मनात काही आलं, तर ते त्यालाच विचारा. मी मुका होतो. जेम्स मुका नव्हता.