कानात सांगितलेलं नाव

मी कौशल्या, उमापूरची. बीडला दवाखान्यात झाडलोटीला हाय, म्हणून घरात निम्मी डॉक्टर मीच! ताप आला का विचारा कौशल्याला, खोकला आला का विचारा कौशल्याला.

माझ्या भावाचं, अंगदचं, लेकरू सव्वा महिन्याचं झालं तवा बारसं केलं. दुसऱ्या दिशी भावजय बबिता त्याला कपिलधारला घेऊन गेली. धबधब्याचे चार थेंब अंगावर उडाले आसतील. पाचव्या दिशी लेकराला धाप लागली अन् दवाखान्यात नेल्यावर दोन दिसांत ते गेलं.

आमची आई कडूबाई तोंडाची फटकळ. "पाण्यात नेऊन घालवलं लेकरू! धाडा हिला आष्टीला माहेरी, कायमची." मी बी तिच्याच सुरात. बबिता आपली "टोपडं घातलं व्हतं की" एवढंच म्हणायची.

लेकरू गेलं तवाच दवाखान्यातल्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी विचारलं व्हतं, "छातीतून सुईनं इवलासा तुकडा घेऊन तपासू का?" अंगद तयार व्हईना. मीच त्याला दमात घेतलं, "फाडणार न्हाईत रे, नुसती सुई हाय. चूक कुणाची ते कागदावर येऊ दे." भावजयीचं तोंड कायमचं बंद करायला निघालते मी. लई शहाणी!

महिन्यानं कागद आला. बबिताची पिशवी आष्टीसाठी भरलेलीच व्हती, ती घेऊनच आई, बबिता अन् मी बीडला दवाखान्यात गेलो; तिथूनच तिला माहेरच्या गाडीत बसवायचं ठरलं व्हतं.

"फुफ्फुसात विषाणू सापडला," डॉक्टरबाई म्हणल्या. "पाण्यानं होत नाही हे. मोठ्यांना नुसती सर्दी होते, तान्ह्याला झेपत नाही. शिंकेतून जातो, मुक्यातून जातो. त्या आठवड्यात घरात कुणाला सर्दी होती?"

"कुणाला बी न्हाई," आई म्हणली.

बबितानं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. तिला ठाऊक व्हतं.

बारशाला नाक गळत व्हतं माझं. पण आत्याचा मान सोडणारी मी न्हवं! कानात नाव सांगायला वाकले, बायकांनी पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, हसता हसता दोन शिंका आल्या. वर गालाचे मुके घेतले, मोजले बी न्हाईत.

"मला व्हती, बाई," मी म्हणले.

"तुमच्याकडूनच गेला असं सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणल्या.

बबिताची पिशवी मी उचलली अन् उमापूरच्या गाडीत चढले. ती शेजारी बसली.

गेवराई आली तवा म्हणली, "वन्सं, नाव मातर लई गोड ठेवलं व्हतं तुमी."

तवा मला रडू फुटलं.