नवी कांडी

तरणतलावाच्या दारात उजव्या बुटावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवताना बार्ब्रोचा तोल गेला आणि तिने आधाराला भिंतीवरचं केस वाळवायचं यंत्र धरलं. ते सुरू झालं. गरम हवा थेट चष्म्यावर आली, आणि बाहेरच्या थंडीतून आणलेल्या काचा पांढऱ्या झाल्या.

"डाव्यालाही घाला," मागून कुणीतरी म्हणालं. "बाहेरची घाण आत नको."

तिने मागे वळून चष्मा काढून पुसला. समोर नगरपालिकेचा निळा सदरा घातलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला योआर उभा होता, तिचा एकेकाळचा संशोधक विद्यार्थी. दाढी वाढली होती, त्यात पांढरं आलं होतं. त्यानेही तिला आत्ताच ओळखलं असावं, कारण त्याचा हात जुडग्यावर गेला आणि किल्ल्यांचा आवाज थांबला.

"बार्ब्रो. पोहायला आलीस?"

"नाही. तुझ्याशी बोलायचं होतं."

"मग दोन्ही पिशव्या घाल."

या एवढ्याशा शहरात सात वर्षं एकमेकांना न भेटणं सोपं नसतं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मेहनत लागते. बार्ब्रोने आपल्या वाट्याची केली होती. एकदा दुकानात तो दुधाच्या फडताळापाशी दिसला, तेव्हा तिने एका दह्याच्या डब्यावरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. तो तरणतलावावर पाण्याची देखभाल करतो हे कळलं, तेव्हा विद्यापीठातल्या विभागाच्या कॉफीच्या टेबलावर ती म्हणाली होती, "बरं झालं. तिथे भांडी धुवावी लागत नाहीत." सगळे हसले होते. विनोद चांगला होता, म्हणून तिने तो नंतर आणखी दोनदा सांगितला.

योआरने तिला पंपाच्या खोलीशेजारच्या छोट्या खोलीत नेलं. खिडकीतून मोठा तलाव दिसत होता; तिथे आठ-दहा म्हाताऱ्या रंगीत टोप्या घालून पाण्यात व्यायाम करत होत्या. त्याने थर्मासमधून कॉफी ओतली, वेलदोड्याच्या पावांची पिशवी मध्ये सरकवली. मग दोघं थोडा वेळ रस्त्यांबद्दल बोलले. निसरडे होते. नोव्हेंबरात असतातच.

"कांडी होती," बार्ब्रो एकदम म्हणाली.

तो थांबला.

"ढवळायची कांडी, योआर. चुंबकाची. दुसरं काही नव्हतं."

बारा वर्षांपूर्वी बार्ब्रोने मँगनीजची एक काळी पूड तयार केली होती. तिचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. ती वीज धरून ठेवायची, तिच्यासारख्या इतर कुठल्याही पुडीपेक्षा तिप्पट, आणि सोडायला सांगितली की क्षणात सोडायची. पुढे अनुदानाच्या अर्जांमध्ये तीच पूड शरीरातल्या गाठीपर्यंत औषधही वाहून नेऊ लागली, कारण नुसत्या विजेला समित्या भुलत नाहीत. तिच्यावर एकवीस लेख झाले. ती करताना द्रावण सहा तास ढवळावं लागे, आणि त्यासाठी टेफ्लॉनच्या वेष्टणातली, करंगळीच्या पेराएवढी कांडी त्यात फिरत ठेवत. कुठली कांडी, हे एकवीसपैकी एकाही लेखात लिहिलेलं नव्हतं. कोण लिहितं? स्वयंपाक सांगताना चमचा कुठला ते कुणी सांगत नाही.

सप्टेंबरात सुरक्षा तपासणी झाली. जुन्या, डागाळलेल्या कांड्यांचा खण कुणीतरी रिकामा केला, नवं पाकीट आणलं, आणि पूड मेली. पाच आठवडे रोज मेलेली पूड. मग बार्ब्रोला स्वतःच्या टेबलावरच्या एका चंबूत एक जुनी कांडी राहिलेली सापडली. त्या कांडीने केलेली पूड जिवंत निघाली.

"सोमवारी ती अम्लराजात टाकली, असेल तो धातू विरघळवायला," ती म्हणाली. "काळी होती, पांढरी झाली. मग तिच्यानंच दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा काही नाही. आणि जे अम्ल उरलं, ते तपासायला दिलं. काल उत्तर आलं."

"पॅलेडियम?"

पाच वर्षं क्लोरीन मोजणाऱ्या माणसाने हे इतक्या लवकर विचारलं, की तिला कप खाली ठेवावा लागला.

"माझ्याआधी त्या खोलीत पॅलेडियमवर काम चालायचं. कांड्या त्यांच्याच. टेफ्लॉनच्या ओरखड्यांत बसलं होतं. दर वेळी चिमटीचा हजारावा भाग सुटत असेल. पुडीची करामत त्याचीच."

"म्हणजे घाण होती."

"हो."

"तुझी."

"माझी."

योआर कॉफीत चमचा फिरवत होता. तो साखर घेत नसे. अजूनही घेतली नव्हती.

बार्ब्रोने खांद्यावरच्या पिशवीतून योआरची हिरव्या पाठीची जाड वही काढून टेबलावर ठेवली. विद्यापीठाच्या संग्रहातून ती काल तिने सही करून घेतली होती. चार वर्षं, दोनशे बारा प्रयत्न, प्रत्येकाला एक पान. अक्षर बारीक आणि सरळ. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारखेखाली दोनच शब्द: नवी कांडी. तो इतका काटेकोर होता, की दर वेळी नवं पाकीट फोडायचा. खणातल्या डागाळलेल्या कांड्यांना त्याने कधी हातही लावला नव्हता. आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात बार्ब्रोच्या हातचं, लाल शाईतलं: भांडी धू! पुढे पुढे नुसतंच: भां! शेवटच्या पन्नास पानांवर नुसतं उद्गारचिन्ह होतं.

"तुझा एकही आकडा चुकलेला नाही," ती म्हणाली. "एकही नाही. आख्ख्या जगात ती पूड बरोबर केलेला तू एकटा आहेस. मी लिहिणार आहे ते सगळं. आधीचे लेख मागे घेते, आणि त्यांच्या जागी हा. तुझ्या दोनशे बारा पानांवर. पहिलं नाव तुझं असेल."

हे वाक्य तिने बसमध्ये चार वेळा म्हणून पाहिलं होतं. शेवटचा भाग बोलताना आवाज भरून येईल असं तिला वाटलं होतं, आणि तो आलाही.

योआरने वही उघडली, मधलं एक पान पाहिलं, समासावरून बोट फिरवलं आणि वही मिटली.

"नको," तो म्हणाला.

"तुला कळलं ना मी काय—"

"कळलं. नको."

दारावर ओल्या हाताने थाप पडली. लाल टोपीतली एक म्हातारी आत डोकावली. पायाशी पाण्याचं तळं होत होतं.

"योआर, पाणी आज बर्फ आहे! आम्हाला मारायचंय का तुला?"

"अठ्ठावीस आहे, इंगा-ब्रिट. गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस, उकडून निघाले."

"गेल्या आठवड्यात मी तरुण होते," ती म्हणाली, बार्ब्रोकडे नखशिखांत पाहून घेतलं आणि गेली.

योआरने फडकं घेऊन दारातलं पाणी पुसलं. पुसून झाल्यावरही तो तिथेच उकिडवा बसून राहिला, आणि पुढचं तिच्याकडे न बघता बोलला.

"तुमच्याकडून निघाल्यावर दोन वर्षं मी आईच्या तळघरात होतो. खाली एक सोफा आहे. सगळे यायचे, सांगायचे, तुझी चूक नाही, नशीब वाईट. त्यानं काही व्हायचं नाही, उलट वाईट व्हायचं. मग एक दिवस मी मान्य केलं की माझे हात चांगले नाहीत. नसतात काहींचे. एवढं मानलं आणि दुसऱ्या दिवशी उठून दाढी केली. ही नोकरी धरली. लग्न केलं. मुलगी आहे, तीन वर्षांची. हे सगळं त्याच्यावर उभं आहे." फडकं त्याने बादलीत पिळलं. "आता तू म्हणतेस, हात चांगले होते. मग त्या सोफ्याचं मी काय करू? ती दोन वर्षं कुणाच्या नावावर घालू?"

"माझ्या."

"तू पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होशील. तुझ्यावर किती मावणार आहे, बार्ब्रो?"

पावाचा तिने तुकडा तोडला होता, तो बोटांत गोल झाला.

"आता कोण करतं ते काम?" त्याने विचारलं.

"एब्बा. पाच वर्षं झाली. उन्हाळ्यापासून नुसती प्रबंध लिहीत होती."

"तिला सांगितलंस?"

खिडकीपलीकडे म्हाताऱ्यांनी एकदम हात वर केले.

"आज तीन वाजता तिचा प्रबंध ठोकायचा आहे," बार्ब्रो म्हणाली.

योआरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. त्याला अधिक सांगायची गरज नव्हती. प्रबंध छापून आला की विभागाच्या लाकडी फळीवर सगळ्यांसमोर खिळ्याने ठोकायचा, म्हणजे परीक्षेआधीचे तीन आठवडे कुणालाही तो वाचता येतो, आणि हवं तर खोटा ठरवता येतो. ठोकलेला प्रबंध मागे घेणं नियमात बसतं. अजून कुणी घेतलेला नाही. योआरचा प्रबंध त्या फळीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

"आणि तू आधी इथे आलीस."

"मला वाटलं, आधी तुला सांगायला हवं. तुझा हक्क पहिला."

"मी सात वर्षं थांबलो होतो. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो."

बार्ब्रोने चष्मा काढला. तो धुरकटलेला नव्हता, तरी पुसला.

"तिला बर्लिनला जागा मिळाली आहे," ती हळूच म्हणाली. "जानेवारीपासून. घर बघून आली. तूच आत्ता म्हणालास ना, माणूस ज्याच्यावर उभा आहे ते काढून घेऊ नये. मग तिचंही—"

"ते मी माझ्याबद्दल म्हणालो."

तो उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"हे बघ. आज सांगितलंस, तर चूक तुझी. ती रडेल, वर्षभर मागे पडेल, तुला शिव्या घालेल, आणि पुन्हा करेल. ठोकल्यावर बर्लिनमध्ये कुणाला ती पूड जमली नाही, तर चूक तिची. मग तिलाही कुणीतरी सांगेल, भांडी नीट धू." त्याने कपाटातून काचेची नळी आणि थेंबांची बाटली घेतली. "मला पाणी मोजायचंय. दर तीन तासांनी मोजावं लागतं."

ती दारापर्यंत त्याच्या मागे गेली. तो तलावाच्या कडेला गुडघ्यावर बसला. नळी त्याने तलावाच्याच पाण्याने तीनदा विसळली, तिन्ही वेळा ते पाणी मागे जाळीत ओतलं, मग भरली, बाहेरून पुसून कोरडी केली, थेंब सोडले आणि प्रकाशात डोळ्यांच्या रेषेत धरली. रंग ठरेपर्यंत त्याची मान हलली नाही. बेचाळीस वर्षांत बार्ब्रोने पुष्कळ हात पाहिले होते. असे तिला दोनदा किंवा तीनदा दिसले असतील. त्याने आकडा लिहिला, आणि वाकडी झालेली शिडी बघायला तलावाच्या पलीकडच्या टोकाला गेला. तो परत येईल असं काही वाटेना. वही तिने पिशवीत घातली.

बाहेर, बसथांब्यावर, तिच्या लक्षात आलं की निळ्या पिशव्या अजून बुटांवरच आहेत. त्या काढायला ती वाकली आणि फोन वाजला.

"बार्ब्रो! कुठे गायब झालीस?" एब्बा. मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज, कुणीतरी हसत होतं. "केक आलेत, तीन, हिरवे, आणि एकावर माझं नाव चुकवलंय, म्हणजे तो मीच खाणार. आई-बाबा किरुनाहून पहाटेच निघालेत, बाबांनी लग्नातला कोट घातलाय म्हणे. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"तू येतेस ना वेळेवर? तू नसलीस तर मी नाही ठोकणार, सांगून ठेवते."

बस वळणावर दिसली. बार्ब्रोने एक पिशवी काढली होती. ती हातात ओली, थंड लागत होती.

"एब्बा," ती म्हणाली. "ऐक."

"हं?"

मागचं हसणं थांबलं. पोरीने बहुधा खोलीचं दार लोटून घेतलं असावं, कारण एकदम सगळं शांत झालं, इतकं की तिचा श्वास ऐकू आला.

"बोल ना. काय झालं?"

बस येऊन उभी राहिली. दार उघडलं. चालकाने वाट पाहिली.

"काही नाही," बार्ब्रो म्हणाली. "तुला काही हवंय का?"

"हो, अगं, त्यासाठीच तर फोन केला. हातोडा सापडत नाहीये कुणाला."

"झेरॉक्सच्या खोलीत. खिडकीकडचं कपाट, सगळ्यात खालचा खण."

"आणि खिळे?"

"तिथेच डब्यात आहेत," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. "लांब घे. लहान वाकतात."