विश्वजीतचं हेड

साताऱ्यात एमआयडीसीच्या मागच्या अंगाला ताहेराची शेड होती. रेसच्या मोटारसायकलींची इंजिनं ती तयार करायची. तिचा फ्लो बेंच घरीच बनवलेला: प्लायवूडची पेटी, तिच्या पोटात जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी आणि बाजूला निळं पाणी भरलेली काचेची नळी. पेटीवर इंजिनचं हेड, म्हणजे हवा आत घेणारा वरचा भाग, बसवून मोटारी चालू केल्या की त्यातून हवा ओढली जायची. ती किती मोकळी जाते, ते नळीतल्या पाण्यावरून कळायचं.

एकदा आटपाडीचा जयराज एक हेड घेऊन आला. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, विश्वजीतची. वर्षापूर्वी मातीतल्या रेसमध्ये दम्याचा झटका येऊन विश्वजीत गेला. आता तीच गाडी जयराजला पळवायची होती.

ताहेरानं हेड बसवलं, व्हॉल्व्ह उघडा ठेवून माप घेतलं आणि मोटारी बंद केल्या. पाणी खाली आलं. थांबलं. आणि सावकाश पुन्हा चढायला लागलं.

तिनं मोटारींचा प्लग भिंतीतून उपसून काढला. पाणी तरीही चढत होतं, उतरत होतं. बाहेर रणरणतं ऊन, वाऱ्याचा मागमूस नाही. तिनं हेडच्या तोंडावर तळहात धरला. हात आत ओढला गेला, सुटला, पुन्हा ओढला गेला. आतून बारीक शिट्टी वाजत होती.

दारात चहा पीत बसलेला जयराज उठून आत आला.

"ताई, मोटारी चालू हायत व्हय?"

"न्हाई रं. प्लग बघ की, खाली पडलाय."

तो खाली वाकला, हेडला कान लावला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा झोपंत असाच श्वास ओढायचा. दोनदा अडकायचा, मग लांब घ्यायचा."

शिट्टी दोनदा तुटली. मग लांब ओढल्यासारखी झाली. ताहेरा दोन पावलं मागं सरली.

"हे उचल आन् घिऊन जा," ती म्हणाली.

"नगा ना ताई. त्याला वाट पुरंना झालीया. जरा मोठी करा की."

का कोण जाणे, तिला नाही म्हणवेना. हेड उतरवून तिनं ग्राइंडरनं पोर्ट, म्हणजे हेडमधली हवेची वाट, घासून रुंद केला, हेड परत बसवलं. श्वास थोडा मोकळा झाला. पुन्हा उतरवलं, पुन्हा घासलं. दर वेळी जयराज कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "आजून अडकतंय."

"पोर्टची भिंत पातळ झाली, जयराज. आता भोक पडंल. हे हेड परत गाडीला लागायचं न्हाई."

"पडू दे."

ती घासत राहिली. ॲल्युमिनियमचा पापुद्रा फुटला आणि त्या भोकातून तिच्या मनगटावर गरम हवेचा झोत आला, ओल्या मातीच्या वासाचा. कुणीतरी निवांत श्वास सोडावा तसा. तिच्या हातातलं ग्राइंडर गळून पडलं.

पुन्हा बसवल्यावर शिट्टी नव्हती. पाणी हललंच नाही. जयराज बराच वेळ कान लावून उभा होता.

"निजला," तो म्हणाला आणि तिथंच भुईवर बसून रडायला लागला.

संध्याकाळी टॉवेलात गुंडाळलेलं हेड छातीशी धरून तो आटपाडीच्या एसटीत बसला. शेडमध्ये येऊन ताहेरानं मनगट साबणानं धुतलं, मग पुन्हा धुतलं. मातीचा वास जात नव्हता.